आधी पी, मग भर

घोडबंदरला खाडीच्या अंगाला जी गल्ली आहे, तिथे परशुरामच्या घराबाहेर एक नळ आहे. आता या मीरा-भाईंदरात पाण्याची काय किंमत आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. लोक टाकीच्या झाकणाला टाळं लावतात. टँकर आला की चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या बादल्या लाथाडतात. पण परशुरामच्या नळाला कधी टाळं लागलं नाही. रिक्षावाले, हायवेवरचे डंपरवाले, मागच्या चाळीतले भाडेकरू, शेजारच्या टॉवरमधली शिकलेली माणसं, कोणीपण या, भरा, जा. कोणी पैसे काढले तर परशुराम शिव्या द्यायचा. आणि नळाची धार भांड्यात पडली की खिडकीतून त्याचा आवाज यायचाच.

"आधी पी, मग भर!"

समोरचा माणूस तहानलेला असो नसो, ओंजळभर पाणी प्यायलाच लागायचं. नाहीतर तो परत ओरडायचा.

लोक म्हणायचे, परशुरामचा नळ. पण नळ झाला तो त्याच्या बायकोमुळे, जिजाबाईमुळे. आणि त्या नळाचं जे झालं ते पण सगळ्यात जास्त जिजाबाईलाच भोगायला लागलं.

ती चेणे गावाकडची. डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली, झऱ्याचं पाणी पिऊन. लग्न करून इकडे आली तेव्हा सासऱ्याचं मिठागर चालू होतं. घरामागे विहीर होती, पण खाडी एवढी जवळ की पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही. चहा फाटायचा. नवी नवरी पहिल्या आठवड्यात पाणी प्यायली की मोरीवर जाऊन ओकायची.

सासू बोलली, "राणीसरकारांना आमचा पानी चालत न्हाय. चेण्यावरून हंडे मागवा आता."

जिजाबाई नाक दाबून पाणी प्यायला शिकली. मिठागरात पण उतरली. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, बांधावर नेऊन रास लावायची. पायाला भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. परशुराम तेव्हा सगळ्या आगरात, म्हणजे मिठागरांत, एका गोष्टीसाठी फेमस होता. खाचरातलं पाणी बोटाने जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, आज मीठ बसणार की उद्या. कधी चुकला नाही. त्याचा बाप म्हणायचा, पोराला अक्कल देवाने कमी दिली, पण जीभ दिली.

बायको रोज नाक दाबून पाणी पिते हे त्याने बघितलं. एक दिवस बोअर मारणारी गाडीच घेऊन आला.

पहिल्या जागेला खारं लागलं. दुसऱ्या जागेला पण खारं. गल्लीतले लोक खुर्च्या टाकून मजा बघत बसले होते. तिसऱ्या जागेला गाडीवाला बोलला, "भाऊ, बस करा. खाली नुसता काळा दगड आहे."

परशुराम बोलला, "दगड तर दगड. फोड."

दगडाच्या पार खालून पाणी आलं. आधी राखेसारखी दगडाची भुकटी आली, मग चिखल, मग स्वच्छ. परशुरामने ओंजळ भरली, जिभेवर पाणी धरलं, डोळे मिटले. मग तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बांधावरचे बगळे उडाले.

"गोडा हाय! बर्फीवानी गोडा हाय!"

त्यांच्या घरात एक रीत होती. नवीन पाणी लागलं की पहिला तांब्या घरच्या सुनेचा. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सासूनेच जिजाबाईच्या हातात तांब्या दिला. जिजाबाई सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पोलक्यात गेलं. लाज पण वाटली नाही तिला. कोणासाठी नवऱ्याने साडी आणली असेल, कोणासाठी पाटल्या केल्या असतील. तिच्यासाठी तिच्या माणसाने दगड फोडला होता.

मिठागर पुढे बंद झालं. परशुराम रस्त्यांच्या डांबराच्या कामावर मुकादम म्हणून लागला. हायवेवर ऊन वरून, डांबर खालून. माणूस जळून जाईल असलं काम. पण तो बाहेरचं पाणी प्यायचा नाही. घरून मोठा कॅन भरून न्यायचा, दुपारपर्यंत संपवायचा आणि कोणाला तरी पाठवून परत भरून मागवायचा. बाकीचे मुकादम थंडा प्यायचे, हा बोअरचं पाणी. वर त्यांना पण पाजायचा.

"पेप्सी काय पितोस येड्या? हे पी. माझ्या बायकोसाठी काढलेला हाय."

पहिल्यांदा त्याची कंबर धरली तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. डांबराचं काम, कंबर धरणारच. मग बुटाची लेस बांधायला वाकता येईना. मग मान वळेना. मागून हाक मारली की अख्खाच्या अख्खा वळायचा, दार वळावं तसा. पोरं हसायची, तो पण हसायचा. डॉक्टर बोलले वात आहे. दुसरे बोलले मणक्यात गॅप आहे. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, मालिश झाली, कोणीतरी सांगितलं म्हणून एक नवस पण झाला. परशुराम हळूहळू फळीसारखा होत गेला. कामावरून आधी दुपारी घरी यायला लागला, मग आलाच घरी, तो कायमचा. पन्नाशीच्या आत माणूस खिडकीजवळच्या पलंगावर आडवा पडला.

पण खिडकीबाहेर नळ होता. आवाजावरून तो ओळखायचा कोण आलंय. तांब्याचा हंडा म्हणजे मनोरमाताई, टॉवरमधल्या, लालबागवरून इकडे राहायला आलेल्या. प्लास्टिकचा कॅन म्हणजे रिक्षावाला. बांगड्या वाजल्या की मागच्या चाळीतली चांदणी, नुकती बाळंत झालेली गुजराती पोरगी. मान वळत नव्हती, पण वरच्या पत्र्याकडे बघत तो ओरडायचा, "आधी पी, मग भर!" आणि कोणीतरी बाहेरून ओरडायचं, "प्यायलो काका!" तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

त्यांना एकच पोरगी, समीक्षा. दिसायला आईसारखी, डोकं बापासारखं. पण दात पुढचे पहिल्यापासून खराब. पिवळे, मग तपकिरी, मध्ये खड्डे, जशी गंजलेली कडी. शाळेत पोरं तिला गुटखा म्हणायची. ती हसताना तोंडावर हात धरायला लागली आणि मग तो हात तिथेच राहिला. नववीत होती तेव्हा कोणीतरी परशुरामला सांगितलं, तुझी पोरगी तंबाखू खाते, दात बघ. तेव्हा त्याचा हात चालत होता. फाडकन एक ठेवून दिली, गल्लीच्या तोंडावर, सगळ्यांसमोर.

"आमच्या घरात कोनी तपकीर पन ओढत न्हाय आनि तू मावा खातंस?"

"मी काही नाही खात!"

"मग दात कोनाचे हे?"

दुसऱ्या दिवसापासून समीक्षा शाळेत गेली नाही. कोणी किती सांगितलं तरी नाही. आता भाईंदर पूर्वेला मोबाईलच्या दुकानात काम करते, तोंडाला मास्क लावून. करोना जाऊन किती वर्षं झाली, हिचा मास्क जात नाही. त्या दिवसानंतर बापलेक एकमेकांशी बोलायचे, पण कामापुरतं. औषध घेतलं का, घेतलं. पंखा लावू का, लाव.

जिजाबाई मध्ये. तिच्या हातात करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तिने जिवाच्या आकांताने केली. चेण्याला तिची आजी वातावर पाणी आटवून द्यायची. टोपभर पाणी चुलीवर ठेवायचं, सुंठ टाकायची, अर्धं होईपर्यंत उकळायचं. जिजाबाई रोज सकाळ-संध्याकाळ तेच करायची. दुखणं वाढलं की अजून आटवायची, पाव टोप उरेपर्यंत. गॅस लवकर संपायचा, संपू दे. परशुरामला बाकी पाणी द्यायचीच नाही, आटवलेलंच. समीक्षा लहान असताना तिला पण तेच पाजलेलं, पोरीला जंतू लागू नयेत म्हणून. शेजारणी विचारायच्या तर त्यांना पण शिकवायची. चांदणीला बाळ झालं तेव्हा स्वतः तिच्या खोलीत जाऊन शिकवून आली.

"बच्चे के दूध का पानी है ना, उसको आधा होने तक उबालने का. ताकद रहती है उसमें."

गणपती मंडळाच्या शेडमध्ये दातांचं शिबिर लागलं, फुकटचं. समीक्षा जायला तयारच नव्हती. जिजाबाई तिला ओढून घेऊन गेली. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, क्षितिजा नाव. तिने समीक्षाचे दात बघितले आणि बोलली, "मागे बसलेली ती पोरं पण याच गल्लीतली का?"

"हो."

"पाणी कुठलं पिता तुम्ही?"

जिजाबाईची छाती फुगली. "आमच्या घरचं. बोअरचं. अख्खी गल्ली पिते. फुकट."

डॉक्टरीण बोलली, एक बाटली भरून द्या. जिजाबाईने बाटली विसळून, पुसून, वर रुमाल बांधून दिली. बाईला वाटलं, पाण्याचं कौतुक होणार.

आठवड्याने क्षितिजाने तिला आणि समीक्षाला परत बोलावलं. परशुरामच्या दुखण्याचं ऐकून त्याचा जुना एक्स-रे तिने आधीच मागवून घेतला होता. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. ती बोलली, पाण्यात फ्लोराइड आहे, असायला पाहिजे त्याच्या चौपट.

समीक्षा मास्कच्या आतून बोलली, "ते तर पेस्टमध्ये असतं. चांगलं असतं ना? जाहिरातीत सांगतात."

"थोडं असेल तर दाताला चांगलं. लहानपणापासून रोज जास्त पोटात गेलं तर दातच खराब होतात. आणि वर्षानुवर्षं गेलं तर हाडात जाऊन बसतं. खोल दगडातलं पाणी असलं की कधी कधी येतं ते. तुमचा काही दोष नाही, काकू. चव नसते, वास नसतो, रंग नसतो."

"पण आम्ही उकळून पितो," जिजाबाई घाईघाईने बोलली. "साधं नाही, आटवून. अर्धं होईपर्यंत. यांना तर पाव."

क्षितिजाने पेन खाली ठेवलं. "काकू, उकळून जंतू मरतात. हा जंतू नाही. हे मिठासारखं आहे. पाण्याची वाफ होते..."

पुढचं तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. समोर बसलेल्या बाईने ऐन तरणी वर्षं मिठागरात काढली होती. पाणी उन्हात आटवायचं आणि मीठ मागे ठेवायचं, याच्यावर तर त्यांच्या सात पिढ्या जगल्या. जगात कोणाला नाही कळलं तरी चालेल, पण मिठागरवालीला कळू नये?

मग क्षितिजाने एक्स-रे खिडकीला धरला. तिच्या सरांना दाखवला होता म्हणे. परशुरामची हाडं पांढरीफेक दिसत होती. पाठीचे मणके एकमेकांना चिकटून एक दांडका झालेले. जिजाबाईला दुसरं काही दिसलंच नाही, तिला बांधावरची मिठाची रास दिसली, मे महिन्याच्या उन्हातली.

"सुटतील का हाडं?"

"पाणी बदललं तर पुढचं थांबेल. झालंय ते जाणार नाही, काकू." मग ती बोलली, "आज संध्याकाळी मीच गल्लीत येऊन सगळ्यांना सांगते."

"नको," जिजाबाई बोलली. "पानी आमचा हाय. आमच्या तोंडून जाऊ दे. नळ मी आजच बंद करते."

नळ तिने त्याच दिवशी बंद केला. मोटरच्या बोर्डातला फ्यूज काढला आणि पदराला बांधला. पण सांगितलं नाही कोणाला.

का नाही सांगितलं? समीक्षाने पण तेच विचारलं, मोरीत, दबक्या आवाजात. "आई, लोक भरून ठेवलेलं पाणी पितायत. सांग ना!"

"खिडकीच्या बाहेर बोलली तर यांना ऐकू येईल."

"मग येऊ दे!"

"त्यांच्यात आता दोनच गोष्टी जित्या हायत गो. एक जीभ आनि एक तो नळ. नळ मी कसा मारू? उद्या सांगते. एकेकीच्या घरी जाऊन सांगते."

उद्याचा परवा झाला. प्रत्येक वेळी चप्पल घालायची, दारापर्यंत जायची, आणि आतून आवाज यायचा, "जिजे, मिस्त्री आला का? मोटर कवा चालू व्हनार?" की ही परत आत. त्याला सांगितलं होतं, मोटर जळली. समीक्षा दुकानातून येताना मावशीकडून पालिकेच्या पाण्याचे कॅन स्कूटीवर आणायची आणि जिजाबाई ते त्याच जुन्या तांब्यात ओतून त्याला द्यायची. तो प्यायचा. काही बोलायचा नाही. तिला वाटलं, कळलं नाही.

गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. मनोरमाताई एकदा खिडकीखालीच बोलली, "मोटर जळली की डोकं फिरलं? सगळे पाणी विकतायत, यांना पण सुचलं असेल. फुकटचं देण्याची हौस फिटली."

जिजाबाईने ऐकलं, गिळलं. परशुरामने पण ऐकलं. तो पत्र्याकडे बघत होता, डोळ्याच्या कडेने पाणी कानात जात होतं. हात वर जात नाही ना त्याचा. तिने पदराने पुसलं.

"बोलू दे त्यांना," तो बोलला. "तू मनाला लावून घेऊ नको."

मग ती सकाळ आली. जिजाबाई परशुरामला भरवत होती आणि बाहेर धार पडल्याचा आवाज आला. तांब्याच्या हंड्यात, जोरात. परशुरामचं तोंड असं उजळलं, जसा कोणी लाईट लावला.

"चालू झाली! जिजे, मोटर चालू झाली!" आणि घशाच्या शिरा ताणून ओरडला, "आधी पी, मग भर!"

जिजाबाई ताट टाकून बाहेर पळाली. मनोरमाताईने फ्यूजच्या जागी वायर अडकवली होती. गल्लीला जत्रा भरल्यासारखं झालेलं. बादल्या, कॅन, हंडे. आणि सगळ्यांच्या पुढे चांदणी, कडेवर बाळ, हातात भरलेला टोप, हसत.

"मासी, देखो! छोटू के दूध का पानी सबसे पहले भर लिया. आपने सिखाया वैसाच करूँगी. आधा होने तक उबालूँगी."

जिजाबाईने तो टोप तिच्या हातातून हिसकला आणि लांब फेकला. टोप दगडावर आपटून घरंगळत गटारापर्यंत गेला. बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

"मत पिलाओ उसको! जहर है, जहर!"

"मासी, क्या हुआ तुमको?"

मग जे पोटात धरलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. बोअरचं, बाटलीचं, पोरांच्या दातांचं, हाडांचं. मराठीत, हिंदीत, रडत, छाती बडवत. खिडकी उघडी आहे हे तिला माहीत होतं. तरी बोलली. बाळ समोर होतं, आता गप्प कशी बसणार?

कोणीतरी नळ बंद केला. मनोरमाताई पांढरी पडली होती. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि इतके दिवस तुम्ही नुसता फ्यूज काढून घरात बसलात? माझा नातू कालपण हेच प्यायलाय, पिंपातलं!"

समीक्षा मध्ये पडायला गेली, "ओ ताई, फुकटचं पाणी पिताना..." पण जिजाबाईने तिचा दंड धरून तिला मागे खेचलं.

"बरोबर बोलतायत त्या. तू गप."

लोकांनी भरलेले हंडे तिथेच गटारात ओतले. हंडा भरतानाचा आवाज वेगळा असतो आणि ओततानाचा वेगळा. खिडकीतल्या माणसाला दोन्ही कळतात.

"जिजे. आत ये."

ती आत गेली. भाताचं ताट तसंच सांडलेलं. ती पलंगाच्या पायाशी उभी राहिली, त्याच्या नजरेच्या रेषेत येईल अशी.

"म्हंजे पानी आटला न्हाय?" तो बोलला.

"न्हाय."

"मना वाटला, बोअर मेली. पयल्याच दिशी समजला मना, तू पाजतंस ते आपला न्हाय. बोललो, आटला असंल. ही मना कळू नये म्हनून कुठून कुठून आनतेय बिचारी. म्हनून गप बसलो. मी समीक्षाला पन सांगितला, आयला बोलू नको, बापाला समजलाय."

दाराशी समीक्षा उभी होती. तिने मान खाली घातली. दोघांचं गुपित बिचारी एकटी सांभाळत होती.

"जिजे, मी आगरातला मानूस. मीठ कवा बसनार ते मी जिभेवर सांगायचो. मग या जिभेला हे कसा न्हाय समजला गो?"

"त्याला चवच न्हाय वो. डॉक्टरीण बोलली."

"बर्फीवानी लागला मना."

"मना पन."

मग जिजाबाईने सांगून टाकलं. लपवून उपयोग काय होता. "मी आटवून पाजला तुमाला. टोपाचा पाव करून. जेवढा जास्त दुखला तेवढा जास्त आटवला."

परशुरामने डोळे मिटले. पाणी जिभेवर धरायचा तेव्हा मिटायचा तसे. आणि मग त्याच्या छातीतून एक आवाज आला. जिजाबाईला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"लोक बोलतात आगर बंद झाला. कुठला बंद? तू माझ्या अंगात चालू ठेवलंस की गो."

जिजाबाई पण हसली. एकदाच. मग ती खाली बसली, पलंगाची लाकडी पट्टी दातात धरली आणि तिला जे रडू आलं ते गल्लीने ऐकलं. भांडायला थांबलेले लोक पण आपापल्या घरी गेले.

"समीक्षा कुठाय?" परशुराम बोलला.

"आहे इथे."

"मना दिसत न्हाय. पुढे ये. ते तोंडावरचा काढ."

समीक्षा पलंगावर वाकली, त्याच्या तोंडावर तोंड येईल अशी. मास्क काढला. किती वर्षांनी तिने बापासमोर ओठ उघडले. तो बघत राहिला. त्याला मान फिरवता येत नव्हती, त्यामुळे नजर चुकवायची सोय पण नव्हती.

"तू बोलली होतीस, काय खात न्हाय म्हनून."

"हो."

"मी मारला तुला."

"जाऊ दे ना बाबा."

"पानी मी पाजला. आनि मारला पन मीच."

त्याची बोटं चादरीवर हलत होती. हात कोपरातून उचलेना. त्याला काय करायचं आहे ते समीक्षाला कळलं. ती खाली बसली आणि आपला गाल स्वतःच त्याच्या तळव्याखाली नेऊन ठेवला, ज्या गालावर थप्पड बसली होती तोच. बोटं जेवढी वळत होती तेवढी वळली.

क्षितिजा दुसऱ्या दिवशी गल्लीत आली, घरोघरी फिरली. तिने सांगितलं, पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही, पण धुणीभांडी, अंघोळ, लादी पुसायला चालेल. मग नळ परत चालू झाला. समीक्षाने त्याला लाल रंग फासला, भिंतीवर लाल अक्षरात लिहिलं, पिऊ नका. चांदणी आता बाळाचं पाणी विकतच्या बाटल्यांतून घेते. जिजाबाई दिसली की हसते, पण पूर्वीसारखी दारात बसत नाही. मनोरमाताई भांड्यांना पाणी न्यायला येते. हंडा तोच, तांब्याचा. एकदा तिने टँकरच्या पाण्याची एक कळशी न बोलता जिजाबाईच्या उंबऱ्यावर ठेवली. जिजाबाईने ती घेतली, तीही न बोलता.

परशुराम तिथेच आहे. खिडकीजवळ, पत्र्याकडे बघत. दुखणं तेवढंच, कमी नाही. जिजाबाई त्याला मावशीकडचं साधं पाणी देते, न उकळलेलं, आणि गॅसजवळ गेली की तिचा हात अजून आपोआप टोपाकडे जातो.

बाहेर धार पडली की तो अजून ओरडतो. कोण आहे हे ओळखूनच ओरडतो, तांब्याचा हंडा, प्लास्टिकचा कॅन, बांगड्या.

"पिऊ नको रे! भर, पन पिऊ नको!"

बाहेरून कोणी उत्तर देत नाही. "नाही प्यायलो काका" असं कोण बोलणार?

परवा दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नळ नीट बंद झाला नव्हता, खाली कोणाची तरी बादली राहिली होती आणि त्यात थेंब पडत होते. टप. टप. आणि प्रत्येक थेंबाला आतून आवाज येत होता, घसा बसलेला, "पिऊ नको... पिऊ नको रे..."

जिजाबाई उठली, बाहेर गेली, आणि दोन्ही हातांनी नळ आवळला.